‘डेड मनी’ म्हणजे कोण?

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी न्यू जर्सीत आपाकडे होतो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दूल्हेभाई दिवसभर कामावर, घरात कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. दिवसा आपाला धरून चालवायचं आणि संध्याकाळी भाच्याशेजारी सोफ्यावर बसून बेसबॉल बघायचा, असा माझा दोन महिन्यांचा दिनक्रम. आठवडाभरात नियम कळले, पंधरवड्यात चटक लागली.

भाचा न्यू यॉर्क यांकीजचा कट्टर. रोज मॅच संपली की तो लॅपटॉप उघडून एक तक्ता भरायचा. खेळाडूचं नाव, वय, पगार, करार संपण्याचं साल आणि शेवटच्या रकान्यात रंग. हिरवा म्हणजे ठेवायचा, लाल म्हणजे काढायचा. खाली वेगळी यादी, दुसऱ्या संघांतून कोणाला आणायचं याची. असे तक्ते तिकडे लाखो पोरं करतात, हेही नंतर कळलं.

९ जुलैला यांकीजनी डीजे लमेह्यू या खेळाडूला संघातून काढलं. चार दिवसांनी तो ३७ वर्षांचा होणार होता. २०२० साली अमेरिकन लीगमध्ये सगळ्यांत चांगली सरासरी याच माणसाची होती. पुढच्या वर्षी क्लबने त्याच्याशी सहा वर्षांचा, ९ कोटी डॉलरचा करार केला. त्यातलं जवळपास दीड वर्ष बाकी होतं आणि त्याचे सुमारे २.२ कोटी डॉलर क्लबला द्यावेच लागणार होते. भाच्याच्या तक्त्यात हा केव्हाचा लाल.

"मामू, फायनली!" तो म्हणाला. "दोन वर्षांपासून डेड मनी होता तो."

"कुणाचा मनी?"

"आपला."

आपला! स्टेडियममध्ये पाण्याची बाटली महाग पडते म्हणून घरून सीलबंद बाटली नेणारा हा पोरगा. अब्जावधी डॉलर किमतीच्या क्लबच्या तिजोरीला तो ‘आपले पैसे’ म्हणत होता आणि पाच वर्षं ज्याच्यासाठी ओरडला त्या माणसाला ‘डेड’. त्या रात्री मी गप्प बसलो. पाहुण्याने वाद घालू नये. पण हा लेख त्या ‘आपला’ या शब्दाविरुद्ध आहे.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर उद्या मला कुणी भाबडा म्हणेल. एकदा घेतलेला खेळाडू मरेपर्यंत ठेवा, असं माझं म्हणणं नाही. मेजर लीगच्या संघात मैदानावरच्या कामासाठी २६ जागा असतात, त्यामागे ४० जणांची यादी. एक आला की एकाला जावं लागतं. लमेह्यूचे पाय जड झाले होते, हे माझ्यासारख्या नवख्यालाही दिसत होतं. त्याला काढलं यात मला अन्याय दिसत नाही. करार पाळून, पैसे चुकते करून काढलं, हे तर चांगलंच झालं. माझं भांडण काढण्याशी नाही. काढायचं कोणाला हे कोणत्या मापाने ठरतं आणि ते माप प्रेक्षकाच्या हातात कोणी दिलं, याच्याशी आहे.

माझे अब्बा सोलापुरात एका गिरणीत बदली कामगार होते. भोंगा झाला की गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर जॉबर बोट दाखवणार, ‘तू ये.’ बोट आपल्याकडे वळलं नाही तर डबा घेऊन घरी. न उघडलेला डबा घरी आला की अम्मी काही विचारायची नाही. भाच्याने मला ‘ऑप्शन’ हा प्रकार समजावला तेव्हा मला तो डबा आठवला. तरुण खेळाडूला क्लब मेजर लीगमधून मायनर लीगमध्ये पाठवू शकतो, पुन्हा वर बोलावू शकतो, पुन्हा खाली ढकलू शकतो, आणि अशी तीन वर्षं क्लबच्या हातात असतात. एका मोसमात किती वेळा खाली पाठवायचं याला मर्यादाच नव्हती. पाचची मर्यादा आली २०२२ मध्ये. वर असताना पगार वेगळा, खाली गेल्यावर वेगळा. भाचा हे सांगताना म्हणाला, "ही क्लबसाठी फ्लेक्सिबिलिटी आहे." गिरणीच्या मॅनेजरला हा शब्द माहीत असता तर त्यानेही तोच वापरला असता.

आता थोडं मागे जाऊ. कारण ज्याला आज ‘करार’ म्हणतात आणि जो लमेह्यूला वाचवून गेला, तो मालकांनी खुशीने दिलेला नाही.

१८७९ साली नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत गुपचूप ठरवलं, की प्रत्येक संघाने पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि त्यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पुढे हे पाचाचे सगळे झाले आणि ते करारातच छापलं जाऊ लागलं. त्याला ‘रिझर्व्ह क्लॉज’ म्हणत. करार संपला तरी खेळाडू क्लबचाच. क्लब त्याला ठेवू शकतो, विकू शकतो, बदलून देऊ शकतो, काढू शकतो. खेळाडू मात्र एकच गोष्ट करू शकतो, खेळणं सोडणं. जवळजवळ शंभर वर्षं कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हा प्रश्न एकाच बाजूने विचारला गेला.

तो उलटा विचारणारा पहिला माणूस कर्ट फ्लड नव्हे, पण सगळ्यांत मोठी किंमत त्यानेच मोजली. सेंट लुईस कार्डिनल्ससाठी बारा मोसम, सात वेळा गोल्ड ग्लव्ह, १९६४ आणि १९६७ च्या विजेत्या संघात. मैदानाच्या मधल्या भागात त्याच्यासारखा झेल घेणारे त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. तरुणपणी दक्षिणेतल्या मायनर लीगमध्ये खेळताना याच फ्लडचे घामेजलेले कपडे गोऱ्या खेळाडूंच्या कपड्यांपासून काठीने वेगळे काढले गेले होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला कळलं, की आपल्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलंय. कळलं ते क्लबच्या मधल्या फळीतल्या एका माणसाच्या फोनवरून. बारा वर्षं, आणि एक फोन.

२४ डिसेंबर १९६९ ला त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी क्यून यांना पत्र लिहिलं. मी काही कोणाच्या मर्जीने विकायची मालमत्ता नाही, इतर संघांचे प्रस्ताव विचारात घेण्याचा मला हक्क आहे, असा त्याचा मथितार्थ. क्यून यांनी नकार दिला. फ्लड कोर्टात गेला. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा माणूस स्वतःला गुलाम कसा म्हणवतो, असं लोक विचारत. पगार भरपूर मिळाला तरी गुलाम तो गुलामच, असं त्याचं उत्तर होतं. खटल्यात त्याच्या बाजूने जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला, हँक ग्रीनबर्ग आला. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टाच्या बाकावर येऊन बसला नाही. सगळ्यांना आपापली जागा टिकवायची होती.

१९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. निकालपत्राच्या सुरुवातीला न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी बेसबॉलच्या थोर खेळाडूंची नावं दिलीत, ऐंशीहून अधिक. मला ती यादी फार बोलकी वाटते. नावांवर इतकं प्रेम, आणि त्या नावांच्या माणसांना आपण कुठे काम करायचं हे ठरवण्याचा हक्क नाही! फ्लड १९७० चा मोसम खेळलाच नाही. १९७१ मध्ये वॉशिंग्टनसाठी १३ सामने खेळला आणि निघून गेला. १९९७ मध्ये वारला. हॉल ऑफ फेममध्ये तो आजही नाही.

दार उघडलं ते तीन वर्षांनी. २३ डिसेंबर १९७५ ला पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने कौल दिला. करार संपून एक वर्ष झालं की माणूस मोकळा. मालकांनी साइट्झ यांना तडकाफडकी लवादाच्या कामावरून काढलं. पण गेलेला बाण परत येत नाही. १९७६ मध्ये तडजोड झाली, की मेजर लीगमध्ये सहा वर्षं पुरी केली की खेळाडू स्वतंत्र. ती सहा वर्षं अजून तशीच आहेत, आणि आजची सगळी लबाडी त्यातच आहे.

ही लबाडी नीट समजून घ्या, कारण ‘डेड मनी’ची गोम इथे आहे.

पहिली तीन वर्षं खेळाडूला क्लब देईल तो पगार, किमान पगाराच्या आसपास. नंतरची तीन वर्षं लवादाकडे जाता येतं. मोकळा होतो तेव्हा बहुतेक जण एकोणतीस-तिशीला आलेले असतात. आणि बेसबॉलमध्ये माणूस सगळ्यांत चांगला कधी खेळतो? साधारण सव्वीस ते एकोणतीस. म्हणजे जोम असतो तेव्हा पैसे नाहीत, आणि पैसे येतात तेव्हा जोम उतरणीला लागलेला. मग प्रेक्षक उतरणीवरच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, फुकट खातोय.

अल्बर्ट पुहोल्सचं घ्या. २००१ मध्ये सेंट लुईससाठी पहिल्याच मोसमात ३७ होमरन, १३० धावा वसूल, वर्षाचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू. पगार २ लाख डॉलर, नियमाप्रमाणे कमीत कमी तेवढाच. पुढे तीन वेळा एमव्हीपी, दोन वेळा विजेतेपद. २०११ नंतर तो लॉस एंजेलिसच्या एंजल्सकडे गेला, दहा वर्षं, २४ कोटी. तिथे वय झालं, पाय गेले, आणि तो वाईट कराराचं उदाहरण म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाला. २०२१ च्या मेमध्ये एंजल्सनी काढलं. मी स्वतः सेंट लुईसच्या मालकाच्या जागी असतो तर २०११ मध्ये ते २४ कोटी कदाचित दिले नसते, हे कबूल करतो. पण २००१ चा हिशोब कोणी मांडतं का? ३७ होमरन २ लाखांत मिळाले, त्याला तक्त्यात कोणता रंग? तेव्हा सेंट लुईसने जे वाचवलं त्याला कोणी ‘डेड मनी’ म्हणत नाही, ‘स्मार्ट’ म्हणतात. (२०२२ मध्ये बेचाळिशीत तो सेंट लुईसला परतला, २५ लाखांत २४ होमरन मारले आणि कारकिर्दीचा आकडा ७०३ वर नेऊन घरी गेला. ही मॅच मला भाच्याने मुद्दाम जुनी शोधून दाखवली. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. तक्ता बंद होता.)

क्रिस ब्रायंटची गोष्ट याहून सरळ आहे. २०१५ च्या सराव सामन्यांत शिकागो कब्जच्या या पोराने नऊ होमरन मारले, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. तरी मोसम सुरू झाला तेव्हा त्याला मायनर लीगमध्ये पाठवलं. कारण सांगितलं, क्षेत्ररक्षण अजून पक्कं नाही. एक वर्षाची नोकरी धरली जायला १७२ दिवस लागतात. १७ एप्रिलला त्याला वर बोलावलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी, म्हणून क्लबला तो सहाऐवजी सात मोसम मिळाला. बारा दिवसांत क्षेत्ररक्षण पक्कं झालं असेल, माशाल्लाह! त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, एमव्हीपी, आणि कब्जना १०८ वर्षांनी विजेतेपद. त्या वर्षीचा त्याचा पगार ६ लाख ५२ हजार डॉलर. त्याने तक्रार केली, ती २०२० मध्ये फेटाळली गेली. २०२१ मध्ये कब्जनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं.

इथे मला उत्तर तयार मिळेल. ब्रायंटला नंतर कोलोरॅडोने सात वर्षांसाठी १८.२ कोटी दिले आणि तो दुखापतींनी बसून राहिला, त्याचं काय? खरं आहे. तो करार क्लबच्या दृष्टीने फार वाईट निघाला. त्याला निवडलं तेव्हा सुरुवातीलाच ६७ लाख बोनसही मिळाला होता, तोही मोजा. पण शिकागोने विजेतेपदाच्या वर्षी जो खेळाडू साडेसहा लाखांत वापरला त्याची बाजारातली किंमत कित्येक पट होती, हे दोन्ही बाजूंचे वकील जाणतात. एका शहराने कमी दिलं, दुसऱ्याने जास्त. मधल्या माणसाने तिशीपर्यंत वाट पाहिली, तिचं व्याज वसूल केलं. शिव्या मात्र त्यालाच.

आणि हे सगळं माझ्या मनाचं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिएटल मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅथर एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन बैठकीत मोकळेपणाने बोलून गेले. जॅरेड केलेनिक या तरुणाने क्लबचा लांब मुदतीचा देकार नाकारला आणि त्याला वर आणण्याची घाई क्लब करणार नाही, असं त्यांच्या बोलण्यातून उघड झालं. ध्वनिचित्रफीत बाहेर आली, मॅथर यांना राजीनामा द्यावा लागला. गंमत ही, की त्यांनी जे सांगितलं ते गुपित नव्हतंच. ते फक्त मोठ्याने बोलले.

"म्हणजे मामू, तुम्हाला आकडेच नकोत," असं भाचा मला म्हणाला होता. उलट आहे. आकड्यांवर माझा विश्वास जॉबरच्या बोटापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आकडे येण्यापूर्वी काय होतं? ‘अनुभवी नजर’ होती. स्काउट पोराकडे बघून सांगायचे, याचा चेहरा चांगला आहे, अंगकाठी चांगली आहे, हा खेळाडू होणार. त्याच अनुभवी नजरेने एप्रिल १९४५ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने जॅकी रॉबिन्सनची चाचणी घेतली आणि त्याला परत पाठवलं. रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून उतरला आणि त्याने इतिहास घडवला. बॉस्टनच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला १९५९ मध्ये, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत शेवटी. नजरेला काय दिसत नाही हे बघायचं असेल तर ती बारा वर्षं बघावीत.

म्हणून २००२ च्या ओकलंड अॅथलेटिक्सची गोष्ट मला मनापासून आवडते. जेसन जिआंबी, जॉनी डेमन आणि जेसन इझ्रिंगहॉसन हे तिघे एकाच हिवाळ्यात सोडून गेलेले. व्यवस्थापक बिली बीन यांच्याकडे पगारासाठी जेमतेम ४ कोटी, यांकीजकडे साडेबारा कोटी. बीन यांनी विचारलं, की बाजार कोणाला उगाच कमी लेखतोय? स्कॉट हॅटेबर्ग हा कॅचर होता, कोपराची नस गेलेली, चेंडू फेकता येत नव्हता. पण तो चेंडू पारखायचा, फुकट बाद व्हायचा नाही, कसाही करून बेसवर पोचायचा. त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. चॅड ब्रॅडफर्ड कमरेत वाकून जमिनीला हात लावल्यासारखा चेंडू टाकायचा, लोक हसायचे. पण बॅटरांना त्याचा चेंडू उचलून मारता येत नव्हता. ओकलंडने सलग २० सामने जिंकले, विसावा हॅटेबर्गच्या होमरनवर. मोसमअखेर विजय १०३. यांकीजचेही १०३.

हे आकड्यांचं पुण्य. रूप, जात, चालण्याची ऐट यांच्या पलीकडचं काम आकड्यांनी दाखवलं. ज्यांना कोणी घेत नव्हतं त्यांना घेण्यासाठी ते वापरले गेले.

मग त्याच ओकलंडचं पुढे काय झालं बघा. आकडे तेच राहिले, त्यांच्याकडून विचारून घ्यायचा प्रश्न बदलला. कोण कमी लेखला गेलाय, याऐवजी कोणाला कधी विकलं की पैसे वाचतील. मार्कस सेमियन त्याच खाडीकाठचा पोरगा, बर्कलीत शिकलेला. २०२० नंतर ओकलंडने त्याला एक वर्षाचा नियमातला देकारही दिला नाही. २०२१ मध्ये टोरँटोसाठी त्याने ४५ होमरन मारले, दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूचा विक्रम. २०२२ च्या मार्चमध्ये मॅट ओल्सन गेला, मॅट चॅपमन गेला. वर्षअखेर शॉन मर्फी गेला. २०२३ मध्ये मेजर लीगमधला सगळ्यांत कमी पगार ओकलंडचा होता आणि हारले ११२ सामने. त्याच वर्षी सेमियन टेक्सासकडून विजेतेपद साजरं करत होता. मालक जॉन फिशर, गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. ज्याच्या घरी एवढं आहे त्याला खेळाडू परवडत नव्हते, हे ज्याला पटतं त्याला पटो.

१३ जून २०२३ ला ओकलंडच्या लोकांनी उलटा बहिष्कार केला. रोज रिकामं असणारं स्टेडियम त्यांनी भरवलं, २७ हजारांवर लोक आले, ‘विका’ असं लिहिलेले हिरवे शर्ट घालून. खेळाडूंना नव्हे, संघ विका! एवढ्या वर्षांत लाल रंग योग्य रकान्यात भरलेला मी तेवढाच पाहिला. पण मालकाला काढण्याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. २६ सप्टेंबर २०२४ ला तिथला शेवटचा सामना झाला. संघ आता सॅक्रामेंटोत तात्पुरता खेळतो आणि लास वेगासला जायचं म्हणतो.

आता जे कोणाच्याच तक्त्यात नसतात, त्यांच्याविषयी. मायनर लीगमधली पोरं.

२०२० च्या मे महिन्यात महामारीमुळे खेळ बंद होता. मायनर लीगमधल्या पोरांना आठवड्याला ४०० डॉलर भत्ता मिळत होता. ओकलंडने जाहीर केलं, की महिनाअखेरपासून तोही बंद. ओरड झाली, काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. पण त्याच दिवसांत वेगवेगळ्या क्लबांनी मिळून शेकडो पोरांना सोडून दिलं. डेव्हिड प्राइस या पिचरने, जो तोवर डॉजर्सकडून एक चेंडूही खेळला नव्हता, त्या क्लबच्या मायनर लीगमधल्या प्रत्येक पोराला स्वतःच्या खिशातून हजार डॉलर दिले. पुढच्या वर्षी मायनर लीगचे संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले. गावंच्या गावं लाल.

ही पोरं २०२२ मध्ये संघटनेत आली, २०२३ मध्ये पहिला करार झाला. सगळ्यांत वरच्या पायरीवर वर्षाला १७,५०० मिळायचे ते ३५,८०० झाले. खालच्या एका पायरीवर ११ हजारांचे २६,२०० झाले. पगार दुपटीच्या आसपास किंवा वर गेले आणि कुठलाही क्लब बुडाला नाही. मात्र त्याच करारात क्लबांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. देशात जास्तीत जास्त १८० खेळाडू राखता येत, ते १६५ केले. क्लबमागे पंधरा, क्लब तीस. गणित तुम्हीच करा.

आपल्याकडच्या दोन पोरांनाही ही कात्री माहीत आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. बेसबॉल कशाशी खातात हेही माहीत नसताना २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत वेगाने चेंडू टाकून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले पहिले भारतीय. दिनेशला २०१० च्या डिसेंबरमध्ये सोडलं. रिंकूचा हात दुखापतींनी खाल्ला, नंतर तो कुस्तीच्या झगमगाटात गेला. सिनेमा २०१४ मध्ये आला, तो करार मिळाल्याच्या आनंदावर संपतो. सोडल्यानंतरचा सिनेमा कोण काढणार?

आता हे सगळं आज का लिहितोय ते सांगतो. खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मागच्या वेळी मालकांनी ९९ दिवस दारं बंद केली होती. या वेळी मागणी आहे ती पगारावर कमाल मर्यादा घालण्याची, ‘सॅलरी कॅप’ची. याच मागणीवरून १९९४ मध्ये संप झाला होता आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती. अमेरिकेतल्या चार मोठ्या लीगमध्ये अशी मर्यादा नसलेली ही एकच. या वेळी मालकांना प्रचारासाठी फार कष्ट पडणार नाहीत, कारण लाखो तक्ते तयार आहेत. खेळाडू म्हणजे खर्च, हे प्रेक्षकाने आधीच पाठ केलंय.

कॅपवाले म्हणतील, डॉजर्सकडे बघा. शोहेई ओतानीला ७० कोटी, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे. २०२४ आणि २०२५ लागोपाठ विजेते. छोट्या शहरांनी काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. डॉजर्सची ती उधारीची युक्ती मलाही खटकते. पण २००० च्या यांकीजनंतर लागोपाठ दोनदा जिंकणारा डॉजर्स हा पहिलाच संघ. मधल्या काळात २०१५ मध्ये कॅन्सस सिटी जिंकलं, आणि कंजूष पगारात टँपा बे दोनदा अंतिम लढतीपर्यंत गेलं. आणि मर्यादा आली तर वाचलेला पैसा जाईल कुठे? तिकीट स्वस्त होईल? तिकिटाची किंमत गर्दी ठरवते, लमेह्यूचा पगार नाही. पाण्याची बाटली घरूनच न्यावी लागेल.

बदल हवाच असेल तर वरून कापण्याआधी खालून द्या. पहिल्या तीन वर्षांतल्या पोरांना लवादाकडे जाऊ द्या. दिवस मोजून मोसम चोरण्याचा प्रकार बंद करा. २०२२ च्या करारात या तरुणांसाठी वर्षाला ५ कोटींचा निधी ठेवला गेला, म्हणजे मालकांनाही अन्याय दिसतो. तीस क्लबांत ५ कोटी, एवढाच दिसतो. तरुणपणी माणसाला त्याच्या कामाचं मोल मिळालं, तर पस्तिशीला त्याला दहा वर्षांचा करार मागावा लागणार नाही, आणि क्लबलाही त्याचे उतरते दिवस विकत घ्यावे लागणार नाहीत. ज्याला डेड मनी म्हणतात तो निम्मा तरी तिथेच संपेल.

या हिवाळ्यात भाच्याने मला नवा तक्ता पाठवला. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, कोणाला आणायचं. मेहनत चांगली केली होती. मी उत्तर पाठवलं, की शेवटच्या रकान्याआधी आणखी एक रकाना घाल. या खेळाडूच्या काळात क्लबने किती कमावलं, तिकिटं, टीव्ही, शर्ट, सगळं धरून.

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी निरोप आला, "मामू, अटलांटा ब्रेव्ह्जचं मिळालं, ते शेअर बाजारात आहेत. बाकीच्यांचे हिशोब कुठे असतात?"